डोंगरमाथ्यावरची वही



गटाची बैठक भरली की आपण आधी काय करतो? वही उघडतो. हजेरी, बचत, कर्ज, व्याज, परतफेड. रक्कम वीस रुपयांची असो की वीस हजारांची, ती वहीत गेली की तिला तोंड फुटतं. कोण थकलं, कोण सावरलं, गट वाढतोय की खंगतोय, हे तोंडी आठवणीतून कळत नाही, वहीतून कळतं. आजच्या बोलण्यात आम्ही अशाच एका वहीचा इतिहास सांगणार आहोत. ही वही पैशांची नाही, पक्ष्यांची आहे. ती एका डोंगरमाथ्यावर सुरू झाली आणि तिचा धागा आपल्या गोठ्यापर्यंत येऊन पोचतो.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. गरुड, ससाणे, घारी, गिधाडं हे शिकारी आणि मांसखाऊ पक्षी. यांतले कितीतरी जण थंडीच्या तोंडी उत्तरेकडचा बर्फाळ मुलूख सोडून उबदार प्रदेशात येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. हजारो किलोमीटरची ही वाट पंख मारत कापायची तर जीव जाईल. म्हणून ते डोंगराची धार धरतात. वारा डोंगराच्या कुशीला आपटला की त्याला वर चढण्यावाचून मार्ग नसतो. त्या वर चढणाऱ्या वाऱ्यावर गरुड पंख पसरून नुसता तरंगतो आणि डोंगराच्या रांगेने पुढे सरकत राहतो. फुकटची सवारी कोण सोडेल?

आपल्या वाडीच्या नाक्यावर अमरावती रोडला उभं राहिलं तर ट्रकांची रांग दिसते. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून निघालेल्या गाड्या त्या एका रस्त्यावर येतात. नाक्यावरच्या चहावाल्याला न सांगता कळतं, यंदा माल कमी आहे की जास्त. डोंगराची धार म्हणजे पक्ष्यांचा असाच नाका. मोठ्या मुलखात विखुरलेले पक्षी तिथे एका ओळीत येतात, म्हणून तिथेच मोजता येतात.

आता आपण अमेरिकेत जाऊ. पेन्सिल्व्हेनिया नावाचं राज्य आहे. तिथे किटाटिनी नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. दर वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात त्या रांगेवरून हजारो शिकारी पक्षी दक्षिणेकडे जातात. शंभर वर्षांपूर्वी लोक तिथे बंदुका घेऊन चढायचे आणि समोरून जाणारे पक्षी टिपायचे. खायला नाही, विकायला नाही, नुसता नेम धरायला. खाली दगडांत मेलेल्या पक्ष्यांचा खच पडायचा. हे पक्षी कोंबड्या पळवतात, शिकारीची जनावरं मारतात, म्हणून ते मेलेलेच बरे, असा समज होता. बाज जातीचा एक पक्षी मारला की सरकारच पाच डॉलर बक्षीस द्यायचं. १९३२ साली एका तरुणाने त्या मेलेल्या पक्ष्यांचे फोटो काढले. ते फोटो न्यूयॉर्कमधल्या एका बाईने पाहिले.

तिचं नाव रोझली एज. तिचा जन्म १८७७ चा. बायांना मताचा अधिकार मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत ती राबलेली होती. पत्रकं कशी काढायची, मोठ्या माणसांना तोंडावर प्रश्न कसे विचारायचे, हे ती तिथेच शिकली. पुढे तिने पक्षी आणि जंगल वाचवण्यासाठी एक समिती काढली. पक्ष्यांच्या नावाने चालणाऱ्या मोठ्या संस्था गप्प बसल्या आहेत, असं ती उघड म्हणायची. १९३४ साली, वयाची पन्नाशी केव्हाच ओलांडल्यावर, तिने एक सरळ हिशेब केला. कायदा बदलेपर्यंत थांबलो तर पक्षी उरणार नाहीत. मग डोंगरच आपल्या ताब्यात घेतला तर? तिने त्या धारेवरची सुमारे १,४०० एकर जमीन आधी भाड्याने घेतली आणि नंतर विकत घेतली. शिकारी पक्ष्यांसाठी राखलेली जगातली ती पहिली जागा. आज तिला हॉक माउंटन म्हणतात.

जमीन घेतली, पण राखणार कोण? मॉरिस ब्राऊन नावाचा तरुण पक्षी-अभ्यासक आणि त्याची बायको अर्मा, दोघं तिथे राहायला आले. मॉरिस वर माथ्यावर बसायचा. अर्मा खाली वाटेवर उभी राहायची. बंदुका खांद्यावर टाकून आलेल्या पुरुषांना, आजपासून इथे शिकार बंद, असं सांगून परत पाठवायचं काम तिचं. शिव्या ऐकाव्या लागत, धमक्या येत. आपल्यातल्या ज्या बायांनी गावातलं दारूचं दुकान बंद करायला रस्त्यावर उभं राहून पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि याच वेळी ती वही सुरू झाली. माथ्यावरून रोज किती पक्षी गेले, कोणत्या जातीचे, वारा कुठला होता. दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं सोडली तर १९३४ पासून आजपर्यंत दर पानगळीच्या मोसमात ही मोजणी चालू आहे. सुरू केली तेव्हा तिचा उपयोग काय होईल, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या वहीत एक बारीक रकाना होता. अमेरिकेतला पांढऱ्या डोक्याचा गरुड तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्याचं डोकं पिल्लूपणी पांढरं नसतं. चार-पाच वर्षांचा झाला की पांढरं होतं. म्हणजे उडता गरुड पाहून तो जुना आहे की नव्या पिढीतला, हे सांगता येतं. माथ्यावरची माणसं ही नोंदही ठेवत होती. १९३५ ते १९३९ या वर्षांत दिसलेल्या या गरुडांपैकी शंभरात चाळीस तरुण होते. १९५५ ते १९५९ मध्ये शंभरात वीसच उरले. १९५७ साली तर ३२ जुन्या गरुडांमागे एकच तरुण गरुड दिसला.

विचार करा. एखाद्या गटात वीस बाया आहेत, सगळ्या वेळेवर येतात, बचत करतात. पण गेल्या दहा वर्षांत गावातली एकही नवी सून गटात आली नाही. बाहेरून बघणाऱ्याला गट भरलेला दिसतो, पण तो आतून संपत चाललेला असतो. गरुडांचं तसंच झालं होतं. आकाशात गरुड दिसत होते, पण त्यांच्या घरट्यांत पिल्लंच होत नव्हती.

याचं कारण होतं डीडीटी. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना ही पावडर आठवत असेल. १९५३ पासून हिवताप नियंत्रणासाठी सरकारी माणसं घरोघर येऊन भिंतींवर ती फवारायची. डासांचं औषध म्हणून तिने कितीतरी जीव वाचवले, हे खरं. पण अमेरिकेत ती विमानांतून शेतांवर आणि जंगलांवर टनांनी ओतली गेली. पाण्यात उतरली, किड्यांतून माशांत गेली, माशांतून गरुडाच्या अंगात साठली. त्यामुळे अंड्याचं कवच इतकं पातळ झालं की आई उबवायला बसली की अंडंच फुटायचं.

१९६२ साली रेचल कार्सन या बाईचं 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक आलं. कीटकनाशकं निसर्गाचं काय करतात, हे तिने त्यात मांडलं. औषध कंपन्या तिच्यावर तुटून पडल्या. पण तिच्या हातात पुरावा होता, आणि त्या पुराव्यात हॉक माउंटनच्या वहीतले हे आकडे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात रोझली एज वारली. १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीसाठी डीडीटीवर बंदी घातली. अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत १९६३ साली या गरुडाच्या ४१७ जोड्या उरल्या होत्या. पुढे ते इतके वाढले की २००७ मध्ये त्यांचं नाव धोक्यातल्या जीवांच्या यादीतून काढलं गेलं.

आता आपल्या देशात या. आपल्याकडे गिधाडं इतकी होती की त्यांना मोजावं असं कोणाला वाटलंही नाही. ज्याची टंचाई नाही त्याचा हिशेब कोण ठेवतो? गावाबाहेर मेलेलं ढोर टाकायची जागा असायची. ढोर टाकलं, कातडं काढलं की आकाशातून गिधाडं उतरायची आणि थोड्या वेळात नुसती हाडं उरायची. वास नाही, माश्या नाहीत, खर्च नाही. गावची सफाई करणारी ही माणसं पगार मागत नव्हती, म्हणून त्यांची हजेरी कोणी घेतली नाही.

पण एका ठिकाणी हजेरी घेतली जात होती. राजस्थानात भरतपूरचं अभयारण्य आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी ही १८८३ सालची जुनी संस्था. तिचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश भरतपूरला गिधाडांची घरटी मोजत. १९८७-८८ मध्ये तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या होत्या. १९९६-९७ मध्ये दीडशेच्या आसपास उरल्या. आणखी काही वर्षांत एकही उरली नाही. मग त्यांनी जुनी कागदपत्रं काढली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशभर रस्त्यांनी फिरून शिकारी पक्ष्यांची मोजणी झाली होती. त्याच रस्त्यांनी ते पुन्हा फिरले आणि हिशेब मांडला. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एकच उरली होती. लांब चोचीची गिधाडं शंभरातली तीनच. जुना आकडा नसता तर 'पूर्वी खूप असायची' एवढंच आपण म्हणत बसलो असतो.

मरत कशाने होती? आधी वाटलं, साथ असेल. २००४ साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून खरं कारण जगासमोर आलं. डायक्लोफेनॅक. सांधेदुखीवर, अंगदुखीवर आपण मेडिकलमधून आणतो तेच वेदनाशामक. १९९३-९४ च्या सुमारास ते फार स्वस्त झालं आणि ढोरांनाही टोचलं जाऊ लागलं. ढोर लंगडलं, तापलं, कासेला सूज आली की एक इंजेक्शन. ढोराला बरं वाटायचं. पण इंजेक्शन दिल्यावर एक-दोन दिवसांत ढोर दगावलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत. दोन-चार दिवसांत ती मान खाली टाकून झाडावर बसत आणि मरून पडत. शास्त्रज्ञांनी गणित केलं, तेव्हा कळलं की शंभर मेलेल्या ढोरांत एकाहून कमी ढोराच्या अंगात हे औषध असलं, तरी सगळी गिधाडं संपायला पुरेसं आहे. कारण एका ढोरावर शंभर गिधाडं बसतात. आणि गिधाडीण वर्षाला एकच अंडं घालते. गेलेलं भरून निघायला पिढ्या लागतात.

याची किंमत पक्ष्यांनीच मोजली असं नाही. गिधाडं गेली तेव्हा मेलेली ढोरं उघड्यावर सडू लागली. कुत्री वाढली. नाल्यात, विहिरीत घाण झिरपली. पाणी भरायला आपणच जातो आणि कुत्रं चावलेल्या लेकराला घेऊन दवाखान्यातही आपणच धावतो. २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी, आयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी, याचा हिशेब काढला. पूर्वी ज्या जिल्ह्यांत भरपूर गिधाडं होती आणि ज्या जिल्ह्यांत ती मुळातच कमी होती, तिथल्या मृत्यूंचे आकडे त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. २००० ते २००५ या काळात गिधाडं नाहीशी झाल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली, असा त्यांचा अंदाज आहे. पाच लाख. यातल्या कोणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर 'गिधाड' हा शब्द नसेल.

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवायला बंदी केली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून ते ढोरांना दिलं जातच राहिलं. म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली तीन मिलीची करण्यात आली. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर बंदी आली, तर २०२४ च्या शेवटी निमेसुलाइडवर.

आता पुन्हा डोंगराच्या धारेवर जाऊ, या वेळी हिमालयाच्या. स्टेप गरुड नावाचा मोठा तपकिरी गरुड मंगोलिया, कझाकस्तानकडच्या गवताळ मैदानांत घरटी करतो. हिवाळ्यात त्यांतले पुष्कळ भारतात उतरतात. हे गरुड ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमालयाच्या रांगेने पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात, हे १९७० च्या दशकात नेपाळमध्ये रॉबर्ट फ्लेमिंग या पक्षी-अभ्यासकाच्या ध्यानात आलं. त्याचा लेख १९८३ साली छापला तो आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकातच. आता नेपाळमध्ये अन्नपूर्णा शिखरांच्या दक्षिणेला थुलाखर्क नावाच्या धारेवर बसून गरुडांची मोजणी होते. एका मोसमात हजारो स्टेप गरुड तिथून जाताना मोजले गेले आहेत.

हे गरुड इथे आल्यावर शिकारीपेक्षा मेलेल्या ढोरांवर जास्त जगतात. राजस्थानात अशाच ढोरं टाकायच्या जागेवर मेलेल्या स्टेप गरुडांच्या अंगात डायक्लोफेनॅक सापडलं. २०१५ पासून हा गरुड जगाच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. वीजतारा, उजाड झालेली मैदानं अशी त्याला इतरही कारणं आहेत. पण एवढं नक्की, की मंगोलियात जन्मलेलं पिल्लू जगतं की मरतं, हे आपल्या देशातल्या कुठल्यातरी गोठ्यात दिलेल्या इंजेक्शनवरही ठरतं.

आपल्या नागपूर जिल्ह्यात काय चाललं आहे, तेही सांगतो. हरियाणात पिंजोरला गिधाडांचं संवर्धन केंद्र आहे. तिथे वाढवलेली लांब चोचीची दहा गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पात आणली गेली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून ऑगस्टमध्ये त्यांना मोकळं सोडलं. त्यांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवली आहेत. त्यांवरून ती कुठे जातात हे कळतं. रामटेकच्या रामाच्या मुलखात जटायूची लेकरं परत आली, असं आम्ही म्हणतो. पण वाघासारखं गिधाड जंगलात थांबत नाही. एका दिवसात कितीतरी गावं ओलांडून जातं. त्यामुळे ते जगेल की नाही, हे पेंचच्या कुंपणाआत ठरणार नाही. रामटेक, पारशिवनी, सावनेर, काटोल, हिंगणा इथल्या गोठ्यांत ठरेल. गडचिरोली जिल्ह्यात वन विभागाने गिधाडांसाठी सुरक्षित अन्नाच्या जागा केल्या आहेत. शेजारच्या मध्य प्रदेशात २०१६ पासून राज्यभर गिधाडं मोजली जातात. तेव्हा ती सात हजारांच्या आसपास होती, २०२४ मध्ये दहा हजारांवर गेली. म्हणजे आशा आहे, आणि ती आशाही मोजणीतूनच कळली.

मग आपण काय करायचं? गोठ्याचं काम घरोघर बायाच करतात. चारा, पाणी, दूध, आणि जनावर आजारी पडलं हे आधी ओळखणंही. तेव्हा डॉक्टर इंजेक्शन भरतील, त्या वेळी नाव विचारायचं. "डॉक्टरसाहेब, हे डायक्लोफेनॅक तर नाही ना?" एवढं विचारायला शिकलेलं असावं लागत नाही. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम आहे, ते गिधाडांना घातक नाही, हे तपासून सिद्ध झालं आहे. जनावराला कोणतं औषध किती द्यायचं, हे डॉक्टरच सांगतील. मात्र माणसांची बाटली ढोराला टोचू द्यायची नाही आणि मेडिकलमधून आपल्या मनाने आणायचीही नाही. औषध दिल्यावर लवकरच ढोर दगावलं, तर ते उघड्यावर टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा. गावात पशुसखी असेल तर तिच्याशी हे बोला आणि औषधाचं नाव गोठ्याच्या वहीत तारखेसकट लिहा.

आणि जमलं तर गटाच्या वहीच्या मागच्या पानावर आणखी एक रकाना आखा. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या जागी, दहा मिनिटं. संत्र्याच्या बागेवर किती घारी? हरभऱ्याच्या शेतावरून अगदी खालून डोलत जाणारा भोवत्या दिसला का? गिधाड दिसलं का? नाही दिसलं तर शून्य लिहा. शून्य हीसुद्धा नोंद आहे. भरतपूरच्या मोजणीत सगळ्यात मोठ्याने तेच बोललं. शाळेतली पोरं सोबत घ्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. एका वर्षाच्या पानावरून काही कळणार नाही. पाच वर्षांनी कळेल, वीस वर्षांनी जास्त कळेल.

रोझली एज पक्ष्यांची डॉक्टर नव्हती. अर्मा ब्राऊनकडे वाटेवर उभं राहायला बंदूक नव्हती. एकीने जागा धरून ठेवली, दुसरीने वाट अडवली आणि माथ्यावर कोणीतरी रोज लिहीत राहिलं. जवळपास तीस वर्षांनी ते आकडे मोठमोठ्या कंपन्यांविरुद्धच्या पुराव्यात कामी आले. लिहिण्याची ही सवय आपल्याला आधीच आहे. दर महिन्याला पै-पैचा हिशेब जुळवणाऱ्या बायांना आकाशाचा हिशेब ठेवणं जड जाणार नाही.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. तुमच्या गावात शेवटचं गिधाड कोणी आणि केव्हा पाहिलं, हे म्हाताऱ्या बायांना विचारा आणि आम्हाला कळवा. पुढच्या एका कार्यक्रमात आम्ही तुमच्या या आठवणी गावाच्या नावासकट वाचून दाखवू.